संदर्भनिर्देश (मराठी संशोधनलेखन)

संदर्भनिर्देश म्हणजे अभ्यासपर लेखनात वापरलेली माहिती, मत, आकडेवारी किंवा अवतरण कोठून घेतले, हे वाचकाला नेमकेपणाने सांगण्याची रीत होय. शोधनिबंध, प्रबंध, प्रकल्प अहवाल, कोशांतील नोंदी आणि संपादित ग्रंथ यांत संदर्भनिर्देश आवश्यक मानला जातो. लेखकाने केलेले विधान वाचकाला मूळ साधनापर्यंत जाऊन पडताळता यावे, हा त्याचा मुख्य हेतू असतो. ग्रंथ, पोथी, शिलालेख, दप्तरातील कागद, वृत्तपत्र, शासकीय अहवाल, मुलाखत, संकेतस्थळ अशा साधनांचे स्वरूप वेगवेगळे असल्याने त्यांच्या नोंदीची रीतही वेगवेगळी असते.

संज्ञा आणि घटक

संदर्भनिर्देशाचे दोन भाग असतात. पहिला भाग मजकुरात, विधानाच्या जागीच येतो. तो कंसातील लहान नोंदीच्या, तळटिपेच्या किंवा प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या अंत्यटिपेच्या रूपात असतो. दुसरा भाग म्हणजे लेखनाच्या अखेरीस दिलेली संदर्भसूची. तिच्यात प्रत्येक साधनाचा पूर्ण तपशील असतो. संदर्भसूची आणि ग्रंथसूची या संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. मात्र काटेकोरपणे पाहता संदर्भसूचीत लेखनात प्रत्यक्ष उल्लेखिलेली साधनेच येतात, तर ग्रंथसूचीत विषयाशी संबंधित इतर वाचनाचाही समावेश होऊ शकतो.

मराठी तळटिपांत काही संक्षेप रूढ आहेत. 'पृ.' म्हणजे पृष्ठ, 'संपा.' म्हणजे संपादक, 'अनु.' म्हणजे अनुवादक, 'आ.' म्हणजे आवृत्ती. लगतच्या आधीच्या टिपेतील साधनच पुन्हा आले असता 'तत्रैव' आणि त्यापूर्वी कोठेतरी आलेले साधन पुन्हा आले असता 'उनि' (उपरिनिर्दिष्ट) असे लिहिण्याची प्रथा आहे.

इतिहास

आधार सांगून लिहिण्याची परंपरा भारतात जुनी आहे. संस्कृत टीकाकार शब्दाचा अर्थ देताना कोशाचे नाव सांगत; अमरकोशाचा आधार घेतला की 'इत्यमरः' असे लिहीत. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने मूळात आधार नसलेले काहीही आपण लिहिणार नाही, अशी ग्वाही टीकेच्या आरंभीच दिली आहे. ग्रंथ कंठस्थ असलेल्या वाचकांना ग्रंथाचे किंवा ग्रंथकाराचे नाव पुरेसे होई. पृष्ठांकाचा उल्लेख मुद्रणकला आल्यावरच शक्य झाला, कारण हस्तलिखिताच्या दोन प्रतींची पाने सारखी नसत.

मराठीत साधननिष्ठ लेखनाला वळण देण्यात इतिहाससंशोधकांचा वाटा मोठा आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची चिकित्सा केली आणि अस्सल समकालीन पत्रांना अधिक विश्वसनीय मानले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. यामुळे पूर्वी केवळ दप्तरात जाऊन पाहता येणारा कागद खंड, लेखांक आणि पृष्ठ यांच्या आधारे कोणालाही तपासता येऊ लागला.

पाश्चात्त्य विद्यापीठांत लेखक आणि वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचा आरंभ हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधापासून मानला जातो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली, तर अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने आपले लेखननियम प्रथम १९२९ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रयोजन

संदर्भनिर्देशाची तीन प्रयोजने सांगितली जातात. पहिले प्रयोजन ऋणनिर्देशाचे आहे : ज्याचे श्रम त्याच्या नावावर नोंदले जातात. दुसरे पडताळणीचे आहे : वाचक लेखकाच्या शब्दावर विसंबून न राहता मूळ साधन स्वतः पाहू शकतो. तिसरे सातत्याचे आहे : पुढचा अभ्यासक पहिल्याने थांबवलेल्या जागेपासून काम सुरू करू शकतो.

पडताळणीचे महत्त्व छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या चर्चेतून स्पष्ट होते. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी दीर्घकाळ प्रचलित होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आढळते. पुढील वादात प्रत्येक पक्षाला आपल्या तिथीचे साधन सांगावे लागले. त्यामुळे साधन कोणत्या काळचे, कोणाच्या संग्रहातले आणि किती विश्वासार्ह, यावर चर्चा होऊ शकली. कालांतराने महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. आधार न सांगता केवळ तिथीच दिली गेली असती, तर मताविरुद्ध मत एवढेच उरले असते.

प्रमुख पद्धती

आज मुख्यतः दोन पद्धती वापरात आहेत.

लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरात लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठ कंसात येते, उदाहरणार्थ, (नेमाडे, १९६३, पृ. ४०). पूर्ण तपशील संदर्भसूचीत असतो. सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र आणि विज्ञान या शाखांत ही पद्धत अधिक आढळते, कारण तेथे संशोधन किती अलीकडचे आहे हे वाचकाला लगेच कळणे महत्त्वाचे असते.

टीप पद्धतीत मजकुरात केवळ क्रमांक येतो आणि तपशील तळटिपेत किंवा अंत्यटिपेत दिला जातो. इतिहास व साहित्य या शाखांत ती प्रचलित आहे. दप्तरातील कागद, शिलालेख किंवा पोथी यांचा लांबलचक तपशील कंसात मावत नाही. शिवाय टिपेत साधनाविषयी दोन शब्द लिहिण्याचीही सोय असते.

कोणतीही पद्धत निवडली तरी ती आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी पाळणे हा समान नियम आहे. विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने पद्धत ठरवून दिलेली असल्यास तीच पाळावी लागते.

साधनांच्या प्रकारानुसार नोंदी

साधनांची विविधता एखाद्या गावाच्या इतिहासाचा अभ्यास करताना विशेष जाणवते. नाशिक शहरातील गंगापूर रोड हा शैक्षणिक परिसर म्हणून ओळखला जातो. के.टी.एच.एम. महाविद्यालय या रस्त्यावर असून गंगापूर धरणाजवळ १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आहे. नाशिकवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांपासून आजच्या शासन निर्णयापर्यंत जवळजवळ सर्व प्रकारची साधने हाताळावी लागतात. म्हणून पुढील विवेचनात शक्य तेथे नाशिकची उदाहरणे दिली आहेत.

ग्रंथ : ग्रंथाच्या नोंदीत लेखक, प्रकाशनवर्ष, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक हे घटक येतात. जी प्रत हातात आहे तिचाच तपशील द्यावयाचा असतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली; पुढे तिच्या आवृत्त्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढल्या. वाचलेली प्रत नंतरची असताना पहिल्या आवृत्तीचे वर्ष देऊन पृष्ठांक मात्र नव्या प्रतीचा लिहिला, तर वाचकाला तो उतारा सापडत नाही. अशा वेळी वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष देऊन पहिल्या आवृत्तीचे वर्ष कंसात जोडतात. अनुवादित ग्रंथात मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचे नावही आवश्यक असते, कारण अवतरणातील शब्द अनुवादकाचे असतात.

संतवाङ्मय व प्राचीन ग्रंथ : या ग्रंथांच्या असंख्य आवृत्त्या असल्याने पृष्ठांकापेक्षा ग्रंथाच्या अंतर्गत विभागणीचा निर्देश उपयुक्त ठरतो. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय व ओवी, तर महाभारतासाठी पर्व, अध्याय व श्लोक देतात. तथापि हे क्रमांकही सर्वत्र सारखे नसतात. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक शासकीय गाथेत एक आणि अन्य गाथांत दुसरे असतात. लीळाचरित्रातील लीळांचे क्रमही संपादनानुसार बदलतात. म्हणून ओवी, अभंग किंवा लीळा यांच्या क्रमांकासोबत संपादकाचे आणि आवृत्तीचे नाव देणे अपरिहार्य आहे. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती प्रमाण धरली जाते.

शिलालेख व ताम्रपट : नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. असा लेख नोंदवताना स्थळ, लेण्याचा क्रमांक, लेखाचा काळ आणि ज्या प्रकाशनातील वाचन स्वीकारले ते प्रकाशन सांगावे लागते. या लेण्यांतील लेखांचे भगवानलाल इंद्रजी यांनी केलेले वाचन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे, तर एमिल सेनार यांचे वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात आहे. दोन वाचनांत अक्षराचा फरक पडला तर अर्थ बदलतो. त्यामुळे केवळ 'नाशिकचा शिलालेख' एवढा उल्लेख अपुरा ठरतो.

दप्तरातील कागद : पुणे व मुंबई येथील पुराभिलेखागारांत मोडी लिपीतील कागद मोठ्या प्रमाणावर आहेत. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. नोंदीत संग्रहाचे नाव, विभाग, रुमाल क्रमांक, कागदाचा प्रकार, लिहिणारा व ज्याला लिहिले तो, आणि तारीख हा तपशील येतो. मोडीचे लिप्यंतर अभ्यासकाने स्वतः केले असल्यास तसे नमूद करतात.

कोश : मराठी विश्वकोशासारख्या कोशात नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते. असा कोश वापरताना नोंदलेखकाचे नाव, नोंदीचे शीर्षक, खंड, प्रमुख संपादक आणि वर्ष द्यावे. केवळ 'विश्वकोश' असे लिहिल्यास नोंद लिहिणाऱ्या अभ्यासकाचे श्रम अनामिक राहतात. विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

नियतकालिके व वृत्तपत्रे : नियतकालिकातील लेखासाठी लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना व पृष्ठे देतात. दिवाळी अंकाच्या बाबतीत 'दिवाळी अंक' असा उल्लेख करतात, कारण त्यावर क्रमांक असतोच असे नाही. वृत्तपत्राच्या नोंदीत दिनांक आणि पृष्ठ यांबरोबर आवृत्तीचे ठिकाणही महत्त्वाचे असते. एकाच दैनिकाच्या नाशिक व पुणे आवृत्तींत त्याच दिवशी वेगवेगळ्या बातम्या असू शकतात. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहासारख्या घटनेचा अभ्यास करताना एकाच वृत्तपत्रावर विसंबता येत नाही. सत्याग्रहींच्या बाजूचे, विरोधकांच्या बाजूचे आणि सरकारी असे वृत्तान्त वेगळे आहेत. कोणते विधान कोणाच्या वृत्तान्तातून घेतले, हे संदर्भावरूनच कळते.

शासकीय प्रकाशने : शासन निर्णयाच्या नोंदीत विभाग, निर्णयाचे शीर्षक, क्रमांक आणि दिनांक देतात, अलीकडच्या निर्णयांवर असलेला संगणक संकेतांकही द्यावा. जनगणनेच्या आकड्यासोबत जनगणनेचे वर्ष व तक्त्याचे नाव आवश्यक असते. 'नाशिक'ची लोकसंख्या म्हणजे शहराची, तालुक्याची की जिल्ह्याची, हे स्पष्ट न केल्यास आकडा निरर्थक ठरतो.

न्यायनिर्णय : पक्षकारांची नावे, निर्णयसंग्रह, वर्ष, न्यायालय व पृष्ठ असा क्रम असतो, उदाहरणार्थ, केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, एआयआर १९७३ एससी १४६१.

प्रबंध : प्रबंधकाराचे नाव, वर्ष, शीर्षक, पदवी आणि विद्यापीठ यांचा उल्लेख होतो. विद्यापीठाचे नाव प्रबंधावर छापलेलेच द्यावे. पुणे विद्यापीठाचे नामांतर २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. त्यापूर्वीच्या प्रबंधासाठी जुने नाव कायम ठेवतात. भारतीय विद्यापीठांतील अनेक प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात पाहता येतात.

मुलाखती व मौखिक साहित्य : मुलाखतीच्या नोंदीत सांगणाऱ्याचे नाव, ठिकाण, दिनांक आणि ध्वनिमुद्रण आहे की नाही हे लिहितात. त्यासाठी पूर्वसंमती आवश्यक असते. नाव उघड झाल्याने त्रास होण्याची शक्यता असल्यास नाव वगळून वय, व्यवसाय, गाव असा मर्यादित तपशील देतात. लोकसाहित्यात गाणाऱ्याचे व सांगणाऱ्याचे नाव नोंदवण्याकडे पूर्वी फारसे लक्ष दिले जात नसे. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात मात्र ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव जपले गेले आहे. त्यामुळे 'एक लोकगीत' अशी ओळख न उरता ती रचना विशिष्ट गावातील विशिष्ट स्त्रीच्या मुखातून आलेली म्हणून उद्धृत करता येते.

आंतरजालावरील साधने : लेखक किंवा संस्था, शीर्षक, प्रकाशनाचा दिनांक, संकेतस्थळाचे नाव, दुवा आणि पाहिल्याचा दिनांक द्यावा. आंतरजालावरील मजकूर बदलतो किंवा नाहीसा होतो, म्हणून पाहिल्याचा दिनांक महत्त्वाचा आहे. शोधनिबंधाला डीओआय हा कायम क्रमांक असल्यास साध्या दुव्याऐवजी तोच देतात. कोणीही संपादित करू शकेल अशा मुक्त ज्ञानकोशातील लेख हा अभ्यासाचा आरंभबिंदू मानावा. तेथील संदर्भांवरून मूळ साधनापर्यंत जाऊन त्या साधनाचा निर्देश करणे अपेक्षित असते.

मराठीतील विशेष प्रश्न

नावे : मराठी सूचीत आडनाव प्रथम व त्यानंतर नाव किंवा आद्याक्षरे येतात, जसे 'राजवाडे, वि. का.'. डॉ., प्रा., तर्कतीर्थ यांसारख्या उपाध्या वगळतात. संतांची नोंद प्रचलित नावाखाली करतात. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची नोंद त्या नावाखालीच होते. नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांचा 'विशाखा' हा काव्यसंग्रह (१९४२) 'कुसुमाग्रज' या नावाने आहे, तर 'नटसम्राट' हे नाटक शिरवाडकर या नावाने. सूचीत दोन्ही नोंदी आपापल्या जागी ठेवून 'कुसुमाग्रज पाहा' किंवा 'शिरवाडकर पाहा' अशी परस्परनोंद देणे सोयीचे असते. मालतीबाई बेडेकर यांनी 'विभावरी शिरूरकर' या नावाने केलेल्या लेखनालाही हाच नियम लागू होतो.

कालगणना : जुन्या मराठी ग्रंथांवर शालिवाहन शक छापलेला आढळतो. शकात ७८ मिळवले असता इसवी सन येतो. परंतु जानेवारीपासून शकाच्या अखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. वर उल्लेखिलेल्या फाल्गुन शके १५५१ चे रूपांतर म्हणूनच १६२९ नव्हे तर १६३० होते. मराठेकालीन कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण तो सन मृग नक्षत्राच्या आरंभी बदलतो. नोंदीत मूळ कालनिर्देश आधी आणि रूपांतर कंसात दिल्यास रूपांतरातील चूक वाचकाला दुरुस्त करता येते.

क्रम व लिपी : मराठी नोंदी देवनागरी वर्णक्रमाने लावतात. इंग्रजी साधनांची सूची सामान्यतः वेगळी करतात. हिंदी व संस्कृत साधने देवनागरीतच असल्याने ती मराठीबरोबर किंवा स्वतंत्रपणे दिली जातात.

दुय्यम उद्धरण

मूळ साधन न पाहता ते दुसऱ्या ग्रंथावरून घेणे याला दुय्यम उद्धरण म्हणतात. एखाद्याने गौतमी बलश्रीचा लेख वा. वि. मिराशी यांच्या ग्रंथात वाचला असेल, तर त्याने मिराशींचाच निर्देश करावयास हवा. मूळ प्रकाशन स्वतः पाहिल्याचा आभास निर्माण केल्यास मधल्या लेखकाचे श्रम झाकले जातात आणि त्याच्याकडून एखादी चूक झाली असल्यास ती मूळ साधनाच्या नावावर पुढे चालत राहते. चुकीचा पृष्ठांक पिढ्यानपिढ्या एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात उतरतो तो याच कारणाने. मूळ साधन उपलब्धच नसेल तर 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे स्पष्ट लिहितात.

वाङ्मयचौर्य आणि नियम

दुसऱ्याचे शब्द किंवा कल्पना आधार न सांगता आपल्या म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य होय. शब्द बदलून मांडलेल्या आशयालाही आणि दुसऱ्या भाषेतून केलेल्या अनुवादालाही हीच व्याख्या लागू होते. इंग्रजी पुस्तकातील परिच्छेद मराठीत आणून आपला म्हणून देणे शब्दजुळणीवर चालणाऱ्या संगणकप्रणालीला सहज सापडत नाही. तरीही ते वाङ्मयचौर्यच ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासंबंधी विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्य असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश यांची गणना साम्यात होत नाही. म्हणजेच अवतरण घेणे हा दोष नसून त्याचा आधार लपवणे हा दोष मानला आहे.

सर्वज्ञात माहितीला संदर्भाची गरज नसते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, या विधानाला टीप लागत नाही. तिच्या एखाद्या वर्षीच्या पुराच्या पातळीला मात्र लागते.

मर्यादा

संदर्भांची संख्या ही लेखनाच्या गुणवत्तेची खूण नव्हे. प्रत्येक वाक्याला टीप असूनही सर्व टिपा एकाच दुय्यम ग्रंथावर आधारलेल्या असू शकतात. संदर्भ अचूक असला तरी साधनच अविश्वसनीय असू शकते; बनावट कागदाचा रुमाल क्रमांक बिनचूक दिल्याने तो कागद अस्सल ठरत नाही. अलीकडे मजकूर तयार करून देणाऱ्या संगणकप्रणाली अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची व लेखांची नावे खऱ्यासारखी देतात, असे आढळून आले आहे. त्यामुळे सूचीतील प्रत्येक साधन लेखकाने स्वतः उघडून पाहिलेले असणे, ही संदर्भनिर्देशाची मूळ अट आज अधिकच महत्त्वाची झाली आहे.